गोळीच्या आधीचं मिनिट

फिलँडो कॅस्टील गेला तेव्हा ३२ वर्षांचा होता. त्याआधीच्या तेरा वर्षांत मिनेसोटातल्या पोलिसांनी त्याची गाडी किमान ४६ वेळा थांबवली होती. एनपीआर या रेडिओच्या पत्रकारांनी न्यायालयाच्या नोंदी तपासून हा हिशोब काढला. त्यांतल्या फक्त सहा वेळची कारणं पोलिसाला रस्त्यावरून दिसू शकतील अशी होती. भरधाव वेग, मोडका सायलेन्सर, असं काही. बाकीची कारणं गाडी थांबवून कागद मागितल्यावरच कळणारी. दंडाची रक्कम सहा हजार डॉलरच्या वर गेली, आणि निम्म्याहून जास्त आरोप पुढे टिकलेसुद्धा नाहीत.

हा माणूस सेंट पॉलमधल्या एका माँटेसरी शाळेच्या कॅफेटेरियाचा प्रमुख होता. शाळेतल्या शेकडो मुलांची नावं त्याला पाठ होती, कुणाला दूध चालत नाही, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, हेही. एखाद्याच्या खात्यात जेवणाचे पैसे नसले तर तो स्वतःच्या खिशातून भरायचा.

६ जुलै २०१६ च्या रात्री फाल्कन हाइट्स या उपनगरात हेरोनिमो यानेझ या पोलिसाने त्याची गाडी थांबवली. मागचा ब्रेक लाइट बंद आहे, असं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतंच. त्याआधी रेडिओवर यानेझ आपल्या सहकाऱ्याला म्हणाला होता की गाडीतला माणूस चार दिवसांपूर्वीच्या दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, कारण त्याचं नाक रुंद आहे. कॅस्टीलने इन्शुरन्सचा कागद दिला. मग शांतपणे सांगितलं, सर, मला तुम्हाला सांगायला हवं, माझ्याजवळ बंदूक आहे. तिचा परवाना त्याच्याकडे होता. पुढच्या काही सेकंदांत सात गोळ्या सुटल्या. शेजारी त्याची मैत्रीण डायमंड रेनॉल्ड्स होती, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. रेनॉल्ड्सने फोनवरून थेट प्रक्षेपण सुरू केलं म्हणून ती गाडी, तो रक्ताने भिजलेला पांढरा टी-शर्ट आणि खिडकीतून अजूनही रोखलेलं पिस्तूल जगाने पाहिलं.

जून २०१७ मध्ये ज्युरीने यानेझला निर्दोष ठरवलं.

या घटनेवर, आणि अशा प्रत्येक घटनेवर, अमेरिकेत जो वाद होतो तो शेवटच्या दोन सेकंदांवर होतो. त्याचा हात कुठे होता? तो बंदुकीकडे गेला की पाकिटाकडे? पोलिसाला काय दिसलं? व्हिडिओ थांबवून, चित्र मोठं करून तज्ज्ञ साक्षी देतात. मी न्यू जर्सीत राहते, हे सगळे वाद वर्षानुवर्षं ऐकते आहे, आणि माझं मत असं पक्कं होत गेलं आहे की आपण चुकीच्या जागी बघतो आहोत. कॅस्टीलच्या मृत्यूचं उत्तर त्या दोन सेकंदांत सापडत नाही. ते आधीच्या मिनिटात आहे, आणि त्याच्याही आधीच्या ४६ वेळांत आहे.

आमच्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की बहुधा कुणीतरी म्हणतंच, ‘पण त्याने ऐकलं का नाही? पोलिस सांगतोय तेवढं करायला काय जातं?’ हा प्रश्न दुष्टपणाने विचारलेला नसतो. विचारणारे माझे जिवाभावाचे लोक आहेत, अडीअडचणीला धावून येणारे. त्यांचा अनुभवच तसा असतो. पोलिस आला, ‘गुड इव्हनिंग’ म्हणाला, लायसन्स बघितलं, वेगाचं तिकीट दिलं किंवा नुसती ताकीद देऊन सोडलं. या अनुभवातून ते जगाकडे बघतात. पण कॅस्टीलने ऐकलं होतं. नियम पाळणारा माणूस जे सांगेल ते त्याने न विचारता सांगितलं होतं. ‘ऐकलं का नाही’ या प्रश्नाला त्याची गोष्ट पुरत नाही, म्हणून मग चर्चा दुसऱ्या कुणावर तरी घसरते, ज्याने खरंच ऐकलं नव्हतं.

महाराष्ट्रातून नव्याने इकडे आलेल्यांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. तिकडे हवालदाराने शिट्टी मारली की आपण गाडी बाजूला लावतो, खाली उतरतो, कागद घेऊन त्याच्यापाशी जातो, ‘साहेब, जरा घाई होती’ म्हणतो. इथे खाली उतरायचं नाही. जागेवर बसायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, काच खाली करायची, रात्र असली तर आतला दिवा लावायचा. ग्लोव्ह कंपार्टमेंट उघडायच्या आधी ‘आता कागद काढतो’ असं सांगायचं. आमचा मुलगा गाडी चालवायला लागला तेव्हा आम्ही त्याला हे सगळं सांगितलं. न्यू जर्सीत एकवीस वर्षांच्या आतल्या नवशिक्या चालकाला नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावावा लागतो. त्याच्या गाडीवर तो स्टिकर बघितला की पोटात कालवाकालव व्हायची.

माझ्या ऑफिसात एक कृष्णवर्णीय सहकारी आहे, तिचा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा. तिच्या सूचना ऐकल्या तेव्हा आमच्या सूचना किती अपुऱ्या आहेत ते कळलं. तिच्या मुलाच्या गाडीत लायसन्स आणि रजिस्ट्रेशन सनवायझरला क्लिपने लावलेलं असतं, म्हणजे खिशात किंवा खणात हात घालावाच लागू नये. मागे दिवे चमकले की लगेच आईला फोन लावायचा आणि तो चालू ठेवून डॅशबोर्डवर ठेवायचा. अंधाऱ्या रस्त्यावर थांबायचं नाही, इमर्जन्सी लाइट लावून सावकाश पेट्रोलपंपापर्यंत जायचं. आवाज चढवायचा नाही, पण फार दबकंही बोलायचं नाही, तेही संशयास्पद वाटतं. आमचं मुलाशी बोलणं ‘तिकीट मिळालं तर भरू, घाबरू नकोस’ इथे संपलं होतं. तिचं ‘जिवंत घरी ये’ इथे संपतं. या बोलण्याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांच्या एका भिन्नमतात आहे. पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीय आणि सावळ्या रंगाचे आईबाप मुलांना हे शिकवत आले आहेत, असं त्यांनी लिहिलं. तो निकाल २० जून २०१६ चा. कॅस्टील त्यानंतर सोळा दिवसांनी गेला.

पोलिसांची बाजू मला पोकळ वाटत नाही, आणि ती न मांडता हा लेख लिहिणं अप्रामाणिक होईल. १२ जानेवारी १९९८ ला जॉर्जिया राज्यात काइल डिंकहेलर या २२ वर्षांच्या शेरिफच्या शिपायाने भरधाव जाणारी एक गाडी थांबवली. चालक व्हिएतनाम युद्धातला गोरा माजी सैनिक होता. तो गाडीतून उतरला, नाचला, शिव्या दिल्या, परत गाडीकडे गेला आणि रायफल काढली. डिंकहेलर पुन्हापुन्हा ओरडून सांगत राहिला, आणि गोळी झाडायला त्याने उशीर केला. त्याच्या गाडीतल्या कॅमेऱ्याच्या, म्हणजे डॅशकॅमच्या, फितीत त्याचा मृत्यू ऐकू येतो. ही फीत गेली पंचवीसहून जास्त वर्षं अमेरिकेतल्या पोलिस अकादम्यांमध्ये दाखवली जाते. ती पाहिलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा पुढे पहिल्यांदा एकटा रात्री अनोळखी गाडीच्या खिडकीशी जातो, तेव्हा त्याच्या कानात तो आवाज असणारच. शिवाय या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त. पुढच्या माणसाच्या मांडीखाली काय आहे हे त्याला खरंच माहीत नसतं.

पण भीती किती मोठी आणि धोका किती मोठा, हे मोजता येतं. जॉर्डन ब्लेअर वुड्स या कायद्याच्या प्राध्यापकाने फ्लोरिडातल्या दोनशेहून अधिक पोलिस दलांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये छापलेल्या त्याच्या अंदाजानुसार, नेहमीच्या ट्रॅफिक स्टॉपमध्ये पोलिसाचा खून होण्याचं प्रमाण ६५ लाखांत एक आहे. एकेक डिंकहेलर हा एकेका घराचा आधार असतो, म्हणून हा आकडा तोंडावर फेकून मोकळं होता येत नाही. पण प्रशिक्षण जर त्या एका फितीवर उभं असेल, तर उरलेल्या लाखो खिडक्यांपाशी पोलिस चुकीची तयारी करून पोचतो, आणि त्याची किंमत खिडकीच्या आतला माणूस देतो.

आता मी जिथून रोज जाते त्या रस्त्याकडे येते. न्यू जर्सी टर्नपाइक. एडिसनपासून खाली प्रिन्स्टनच्या बाजूपर्यंत या रस्त्याच्या दोन्ही अंगांना इतकी मराठी घरं आहेत की गणपतीच्या दिवसांत मोदकाचे डबे याच रस्त्याने फिरतात. १९८४ मध्ये केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याने ‘ऑपरेशन पाइपलाइन’ सुरू केलं. महामार्गावरच्या पोलिसांना शिकवलं गेलं की किरकोळ नियमभंगासाठी गाडी थांबवा, आत डोकावा, झडती घ्या. कुणाची थांबवायची? नव्वदीच्या दशकात टर्नपाइकच्या दक्षिण टोकाला जॉन लॅम्बर्थ या संख्याशास्त्रातल्या जाणकाराने माणसं बसवून गाड्या मोजल्या. कृष्णवर्णीय माणूस आत असलेल्या गाड्या १३.५ टक्के. थांबवलेल्या गाड्यांत त्यांचं प्रमाण ३५ टक्के. आणि वेगमर्यादा जवळजवळ प्रत्येक गाडी ओलांडत होती. १९९६ मध्ये राज्याच्या एका न्यायाधीशांनी हा पुरावा मान्य केला.

नियम सगळेच मोडत असतील, तर कुणाला थांबवायचं हे नियम ठरवत नाही, पोलिस ठरवतो. हे वाक्य मला या सगळ्या वादाचं मूळ वाटतं. आणि त्याच १९९६ सालात सर्वोच्च न्यायालयाने व्रेन खटल्यात एकमताने उलट दिशेचा दरवाजा उघडून दिला. पोलिसाच्या मनात काहीही असो, एखादा खरा वाहतूक-नियम मोडला गेला असेल तर गाडी थांबवणं राज्यघटनेला धरून आहे, असा तो निकाल. दिवा बंद, इंडिकेटर उशिरा दिला, प्लेटच्या चौकटीने अक्षर झाकलं, आरशाला काही लटकतंय, एवढं पुरतं. आमच्या लोकांच्या गाड्यांत आरशाला गणपती असतो, रुद्राक्षाची माळ असते. माझ्या ओळखीत त्यासाठी कुणालाही कधी थांबवलेलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये मिनेसोटातच डाँट राइट या वीस वर्षांच्या मुलाची गाडी थांबवली गेली. रजिस्ट्रेशनच्या स्टिकरची मुदत संपलेली, आणि आरशाला एअर फ्रेशनर. पोलिस किम पॉटर हिला टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, काढायचा होता, तिने पिस्तूल काढलं आणि तो मेला. त्या वेळी पंधरा-वीस किलोमीटरवर जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाचा खटला चालू होता.

टर्नपाइकवर एप्रिल १९९८ मध्ये दोन ट्रूपर्सनी, म्हणजे राज्य पोलिसांनी, एका व्हॅनवर अकरा गोळ्या झाडल्या. आत बास्केटबॉलच्या शिबिराला निघालेले चार तरुण होते, तिघे कृष्णवर्णीय, एक लॅटिनो. तिघे जखमी झाले. पुढच्या वर्षी राज्याने अधिकृतपणे कबूल केलं की वर्ण बघून गाड्या थांबवणं हा भास नाही, वास्तव आहे. राज्य पोलिस दहा वर्षं केंद्राच्या देखरेखीखाली राहिलं. आमच्या गप्पांत हा इतिहास कधीच येत नाही. आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याचा इतिहास आपल्याला माहीत नसावा, हे मला फार लागतं.

आकड्यांचा वाद इथे संपत नाही. कॅस्टील गेला त्याच महिन्यात हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांचा अभ्यास बाहेर आला. फ्रायर स्वतः कृष्णवर्णीय. ढकलणं, हातकड्या घालणं, भिंतीला दाबणं अशा बळाच्या वापरात त्यांना मोठी तफावत दिसली, पण ह्यूस्टनच्या नोंदींत गोळीबारात वर्णभेद दिसला नाही. हा आपल्या कारकिर्दीतला सर्वांत आश्चर्यकारक निष्कर्ष आहे, असं ते म्हणाले. एका बाजूने तो झेंड्यासारखा मिरवला, दुसऱ्या बाजूने त्यांच्यावर चिखल उडवला. मला त्यावरचा तिसऱ्या लोकांचा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. पोलिसांच्या नोंदी सुरू होतात गाठ पडल्यानंतर. मुळात कुणाशी गाठ घालायची यातच भेदभाव असेल, तर पुढचं सगळं गणित तो भेदभाव झाकून मांडलं जातं.

गाठ घालण्याआधीचं कसं मोजणार? स्टॅनफर्डच्या लोकांनी देशभरातल्या जवळपास दहा कोटी स्टॉप्सच्या नोंदी जमवल्या आणि अंधाराचा आधार घेतला. ऋतूप्रमाणे सूर्यास्ताची वेळ सरकते, म्हणजे संध्याकाळची तीच वेळ कधी उजेडात येते, कधी अंधारात. अंधारात चालकाचा वर्ण दिसणं कठीण. अंधार पडल्यावर थांबवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटतं, असं त्यांना आढळलं. झडती घेतानाही त्यांच्या बाबतीत कमी पुराव्यावर भागवलं जातं, हेही दिसलं.

काही लोक विचारतात, मेम्फिसचं काय? जानेवारी २०२३ मध्ये टायर निकल्सला आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मारणारे पाचही पोलिस कृष्णवर्णीय होते. मग यात वर्ण कुठे आला? माझं उत्तर असं की वर्ण पोलिसाच्या कातडीत शोधायचा नसतो, कुणाच्या गाडीमागे दिवे लागतात आणि तिथे काय खपून जाईल असं पोलिसाला वाटतं, त्यात शोधायचा असतो. ‘स्कॉर्पियन’ नावाचं ते पथक कोणत्या वस्त्यांत फिरायचं ते बघा. आणि आपण या गणिताच्या बाहेर आहोत असं समजणाऱ्या भारतीयांनी सुरेशभाई पटेल यांचं नाव विसरू नये. हा ट्रॅफिक स्टॉप नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये गुजरातेतल्या पीज गावाहून नातवाला सांभाळायला अलाबामात आलेले ५७ वर्षांचे आजोबा फुटपाथवर फिरत होते. कुणीतरी पोलिसांना कळवलं, एक हडकुळा काळा माणूस घरं बघत फिरतोय. इंग्रजी येत नसलेल्या त्या माणसाला पोलिसाने जमिनीवर आपटलं, मानेच्या मणक्याला इजा झाली. खटला दोनदा चालला, दोन्ही वेळा ज्युरीत एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला सोडलं.

अशा सुटकांमागे सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा ग्रॅहॅम निकाल उभा असतो. डिथॉर्न ग्रॅहॅम मधुमेही होता, साखर उतरली म्हणून मित्राच्या गाडीने संत्र्याचा रस आणायला दुकानात गेला. रांग मोठी बघून घाईने बाहेर पडला, पोलिसाला संशय आला, गाडी थांबवली. झटापटीत त्याचं पाऊल मोडलं. मित्राने रस आणून दिला तर पोलिसांनी तो पिऊ दिला नाही. त्याच्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं की बळाचा वापर हा घटनास्थळावरच्या समंजस पोलिसाच्या नजरेने जोखायचा, नंतरच्या शहाणपणाने नव्हे. कसोटी ऐकायला रास्त आहे. पण पुढे अनेक न्यायालयांनी ती चिंचोळी केली आणि धोका वाटला तो क्षण तेवढा बघायला सुरुवात केली.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मोडीत काढली. ह्यूस्टनमध्ये २०१६ साली अ‍ॅश्टियन बार्न्सला टोल थकला म्हणून थांबवलं होतं. गाडी मैत्रिणीच्या नावावर भाड्याने घेतलेली. गाडी हलली, पोलिस तिच्या उंबऱ्यावर चढला आणि त्याने दोन गोळ्या झाडल्या. खालच्या न्यायालयांनी शेवटचे दोन सेकंद तेवढे पाहिले. एलेना केगन यांनी एकमताचा निकाल लिहिला, की सगळी परिस्थिती बघा, आधी काय घडलं तेही. ते वाचताना मला कॅस्टीलची आई व्हॅलरी आठवली. मुलाच्या खटल्यात ‘आधी काय घडलं’ हे सांगायला तिच्याकडे तेरा वर्षांचा कागद होता.

आणि आधीचं मिनिट बदलता येतं, हे आता हवेतलं बोलणं राहिलेलं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉडीकॅमच्या, म्हणजे पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याच्या, ध्वनिफिती तपासल्या. पोलिसाच्या तोंडचे पहिले ४५ शब्द, म्हणजे अर्धं मिनिटसुद्धा नाही, एवढ्यावरून कृष्णवर्णीय चालकाचा स्टॉप हातकड्या किंवा झडतीपर्यंत चिघळणार का याचा अंदाज येत होता. सुरुवातच हुकमाने झाली आणि कारण सांगितलं नाही, तर धोका वाढलेला. टेक्सासमध्ये २०१५ साली सँड्रा ब्लँडला लेन बदलताना इंडिकेटर न दिल्याबद्दल थांबवलं होतं. ट्रूपरच्या हातात फक्त ताकीद देण्याचा कागद होता. तो देऊन तिला जाऊ देता आलं असतं. त्याने तिला ती वैतागलेली का दिसते असं विचारलं, सिगारेट विझवायला सांगितलं, तिने माझ्या गाडीत का विझवू म्हटल्यावर बाहेर खेचायला हात घातला. तीन दिवसांनी ती तुरुंगात मृत सापडली, जामिनासाठी पाचशे डॉलर हवे होते. वय २८, नवी नोकरी धरायला आली होती.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून पोलिसाने चौकशीचे प्रश्न विचारण्याआधी थांबवण्याचं कारण सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. फिलाडेल्फियाने, म्हणजे आमच्यापासून तासाभरावर, आठ किरकोळ त्रुटींसाठी गाडी थांबवणंच बंद केलं, तिकीट घरी पाठवा म्हणून. ज्या रॅमसी काउंटीत कॅस्टील मेला तिथले सरकारी वकील जॉन चोई यांनी २०२१ मध्ये जाहीर केलं की रस्त्यावरच्या सुरक्षेशी संबंध नसलेल्या कारणासाठी थांबवून सापडलेल्या गुन्ह्यांचे खटले बहुतेक बाबतींत आपण चालवणार नाही. यानेझवर आरोप ठेवणारेही तेच चोई. ‘मग गुन्हेगार कसे सापडणार?’ असं माझे मित्र विचारतात, आणि तो प्रश्न योग्य आहे. दारू पिऊन चालवणारा, लाल दिवा तोडणारा, शाळेपाशी भरधाव जाणारा, यांना थांबवाच, जास्त थांबवा. त्यांच्यासाठी हवा असलेला वेळ बंद ब्रेक लाइटमागे का घालवायचा?

आमच्या टाउनशिपच्या सभेत पुढच्या महिन्यात पोलिसांच्या अंदाजपत्रकावर चर्चा आहे. नागरिकांना बोलायला थोडा वेळ देतात. माझी सहकारी तिच्या गावात हे आधीच करून बसली आहे, तिने मला तिचे कागद दिले आहेत. मी दोन गोष्टी मागणार आहे. कारण आधी सांगण्याचा नियम आमच्या पोलिसांनी लेखी स्वीकारावा, आणि कोणत्या कारणासाठी किती गाड्या थांबवल्या, चालक कोणत्या वर्णाचे होते, हे दर तीन महिन्यांनी गावाला दाखवावं. ‘ऐकलं का नाही’ विचारणाऱ्या माझ्या मित्रालाही मी बोलावलं आहे. तो येतो म्हणाला, आणि तिथे माझ्या विरोधात बोलणार आहे असंही म्हणाला.